हिच्या पोटी मुलीच का?

२०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८०७. लागोपाठ मुली झाल्या की बोल लागतो तो बाळंतिणीला. हा बोल किती खोटा आहे, ते पेशीत डीएनए कसा बांधलेला असतो हे पाहिलं की कळतं.

एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर भरतो. ज्या केंद्रकात तो मावतो, त्याची रुंदी जेमतेम मिलिमीटरचा शंभरावा भाग. म्हणजे तो कसाबसा कोंबलेला असणार, असं वाटतं. पण नाही. आठ हिस्टोन प्रथिनांचं एक रीळ, त्यावर धाग्याचे जवळपास पावणेदोन वेढे, मग पुढचं रीळ. अशी कोट्यवधी रिळं. जिथलं जनुक वाचायचं तिथली गुंडाळी सैल, बाकीची घट्ट.

अशा ४६ लडी, म्हणजे गुणसूत्रं. पुस्तकातली फुलीसारखी आकृती पेशी विभागताना तेवढ्यापुरती दिसते. एरवी ती सैल पसरलेली असतात. त्यातल्या ‘एक्स’ गुणसूत्राचं नावही आकारावरून पडलेलं नाही. १८९१मध्ये हेर्मान हेंकिंग यांना एका ढेकणाच्या शुक्रपेशींत कोड्यात टाकणारा एक घटक दिसला. गणितातल्या अज्ञात राशीसारखं त्यांनी त्याला ‘एक्स’ म्हटलं.

आता मुद्द्याचं. आईच्या प्रत्येक बीजांडात एक्सच असतं. मुलगा ठरवणारं वाय गुणसूत्र तिच्याकडे नाहीच, ती देणार कुठून? वडिलांच्या शुक्राणूंत साधारण निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. शुक्राणूत तर बहुतेक हिस्टोन काढून प्रोटामिन नावाची चिमुकली प्रथिनं बसतात आणि डीएनए आणखी घट्ट आवळला जातो. त्या बंद गाठोड्यात काय असावं, हे निवडणं बापाच्याही हाती नसतं. त्यामुळे दोष त्याचाही नाही. वायवरच्या एसआरवाय या जनुकामुळे गर्भ मुलग्याच्या वाटेने जातो. हे जनुक १९९०मध्ये सापडलं.

म्हणजे एक्स की वाय, हे गर्भ राहतो त्या क्षणीच ठरतं. तरीही दिवस गेल्यावर ‘मुलगा होण्याची’ पुडी खायला लावणारे भेटतात. गर्भाच्या प्रत्येक पेशीत गुंडाळलेलं गुणसूत्र कोणतीही पुडी बदलू शकत नाही. उलट तिच्यातल्या अनोळखी औषधाने गर्भाला इजा होऊ शकते. घरात कुणी ती आणली, तर सुनेच्या हातात पडू देऊ नका.