एका बाजूनं ऐकू येणारा संसार

रंगमंचावर एक बाई फोनवर बोलते आहे. पलीकडे तिचा नवरा आहे, पण त्याचा एकही शब्द प्रेक्षकांना ऐकू येत नाही. त्याचं दुसऱ्या स्त्रीशी नातं असल्याचं तिला कळलं आहे. ती विचारते, थांबते, ऐकते, पुन्हा विचारते. तिच्या त्या थांबण्यांवरून नवऱ्याची उत्तरं प्रेक्षक ओळखत जातात. 'चारचौघी' या नाटकातला हा लांबलचक प्रवेश १९९१ मध्ये वंदना गुप्ते यांनी गाजवला. २०२२ मध्ये नाटक नव्या संचात आलं, तेव्हा मुक्ता बर्वे यांनी तो पेलला.

'चारचौघी'चे नाटककार प्रशांत दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी हे दोघंही तेव्हाच्या औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. मित्रांनी मिळून उभी केलेली 'जिगीषा' ही संस्था याच शहरातली. ही मंडळी पुढे मुंबईला गेली आणि व्यावसायिक रंगभूमीवर स्थिरावली. मैत्रीतून जमलेल्या या गटानं लग्नातल्या विश्वासाचा प्रश्न रंगभूमीवर इतक्या नेटानं मांडला, ही छत्रपती संभाजीनगरनं अभिमानानं सांगावी अशी गोष्ट आहे.

'चारचौघी' म्हणजे आई आणि तिच्या तीन मुली. फोनवर बोलणारी विद्या थोरली. मधल्या वैजूच्या वाट्याला स्वप्नांत रमणारा नवरा आला आहे आणि घराचं ओझं तिच्या खांद्यावर आहे. धाकट्या विनीला दोन मित्र आवडतात. एकात जे आहे ते दुसऱ्यात नाही, म्हणून तिघांनी एकत्र का राहू नये, असं ती सरळ विचारते. मैत्री कुठं संपते आणि संसार कुठं सुरू होतो, हा तिचा प्रश्न तेव्हा अनेकांना झोंबला.

पण नाटकाचा खरा कणा आई आहे. एका विवाहित पुरुषाशी असलेल्या नात्यातून तिला या मुली झाल्या. तिनं ते लपवलं नाही आणि मुलींना ताठ मानेनं वाढवलं. पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं रद्दबातल ठरतं. म्हणजे अशा बाईला कायद्यानं बायको म्हणवून घेता येत नाही. आता थोरलीचा संसार पाहा. नवऱ्याच्या आयुष्यात आलेल्या 'त्या' बाईवर विद्या संतापते, आणि जिनं तिला वाढवलं ती आई दुसऱ्या कुणाच्या घरासाठी 'ती'च बाई होती. दळवींनी ही गाठ सोपी करून दिलेली नाही. फसवणूक झालेली बायको आणि लग्नाबाहेर प्रेम केलेली बाई या दोघी त्यांनी एकाच घरात, मायलेकी म्हणून आणून ठेवल्या. नाटक टिकलं ते यामुळं, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं.

दळवी-कुलकर्णी या जोडीचंच 'ध्यानीमनी' हे नाटक मध्यम वयाच्या संसारात शिरतं. सदा आणि शालू हे अपत्य नसलेलं जोडपं. शालू मोहित नावाच्या मुलाभोवती दिवस रचते: त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याची वाट पाहणं. तो मुलगा मुळात नाहीच. सदाला हे ठाऊक आहे, तरी बायको कोसळू नये म्हणून तो त्या खेळात सामील होतो. विश्वास मोडतो तो खोटेपणानं, असं आपण धरून चालतो. इथं मात्र एक खोटं दोघांनी मिळून सांभाळलं आहे, आणि त्याची किंमतही दोघं मोजतात. २०१७ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनीच त्यावर चित्रपट केला. त्यात महेश मांजरेकर आणि अश्विनी भावे यांनी या भूमिका केल्या.

'चारचौघी' आलं तेव्हा, १९९१ मध्ये, फोन दिवाणखान्यात होता, सगळ्या घराला ऐकू जाईल असा. आज तो ज्याच्या त्याच्या खिशात आहे आणि त्याला कुलूपही आहे. संशयाला जागा वाढली. समोरासमोर विचारण्याची हिंमत मात्र अजून विद्याकडूनच शिकावी लागते.

'चारचौघी'चा प्रयोग आपल्या गावात लागला तर नवरा-बायकोनं जोडीनं जावं. आणि जमलं तर आईलाही बरोबर न्यावं.