आत्मविश्वास, आंतरिक प्रेरणा आणि ‘कमवा व शिका’

प्रस्तावना

महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये शिकणारी पहिली पिढी मोठ्या प्रमाणावर असते. पहिल्या सत्रातील अपयशावरून ‘हे आपल्याला जमणार नाही’ असा निष्कर्ष काढून त्यांतील काही विद्यार्थी शिक्षण सोडतात. अशा विद्यार्थ्यांना बहुधा व्याख्यानांतून धीर दिला जातो. परंतु आत्मविश्वास उपदेशाने निर्माण होतो काय? प्रस्तुत लेखात मानसशास्त्रातील दोन सिद्धांत व महाराष्ट्रातील एक शैक्षणिक प्रयोग यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

आत्मविश्वासाचे स्रोत

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्व-क्षमतेवरील विश्वासाचा सिद्धांत मांडला. एखादे विशिष्ट कार्य आपण पार पाडू शकू, ही व्यक्तीची धारणा म्हणजे हा विश्वास होय. स्वतः मिळवलेले यश, आपल्यासारख्या इतरांचे पाहिलेले यश, इतरांचे प्रोत्साहन आणि स्वतःची शारीरिक-भावनिक अवस्था हे त्याचे चार स्रोत आहेत. यांपैकी स्वतःच्या यशाचा अनुभव सर्वांत प्रभावी ठरतो. नुसत्या शब्दांनी दिलेला धीर प्रत्यक्ष अपयशापुढे टिकत नाही. तसेच विनासायास मिळालेले यशही पुरेसे नसते. अडचणींवर मात करून मिळवलेले यशच विश्वास दृढ करते.

प्रेरणेचे स्वरूप

एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना कोडी सोडविण्यास दिली. ज्यांना त्यासाठी पैसे देण्यात आले, त्यांचा मोबदला बंद होताच मोकळ्या वेळेत कोडी सोडविण्यातील रस कमी झालेला दिसला. पुढे डेसी व रिचर्ड रायन यांनी विकसित केलेल्या स्वयंनिर्धारण सिद्धांतानुसार स्वायत्तता, सक्षमता आणि आपुलकीचे संबंध या तीन गरजा पूर्ण झाल्यास प्रेरणा आतून टिकून राहते. याचा अर्थ मोबदला त्याज्य आहे असा नव्हे. मात्र तो नियंत्रणाचे साधन बनल्यास कामाची गोडी घटते.

‘कमवा व शिका’चा अनुभव

हे सिद्धांत मांडले जाण्यापूर्वी कितीतरी आधी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे विविध जातिधर्मांची मुले एकत्र राहत, स्वयंपाकादी कामे स्वतः करीत व श्रमातून शिक्षणास हातभार लावीत. श्रमाचे फळ डोळ्यांसमोर दिसे, पुढे गेलेल्या मुलांचे उदाहरण जवळच असे आणि सहजीवनातून आपुलकी निर्माण होई. म्हणजेच वरील सिद्धांतांतील अनेक घटक या रचनेत होते.

आज अनेक महाविद्यालयांत ‘कमवा व शिका’ योजना राबविली जाते. तिच्यातील काम केवळ तास भरण्यापुरते राहिले, तर विद्यार्थ्याच्या हाती मानधन पडते, विश्वास मात्र पडत नाही. ग्रंथालयातील एका विभागाची, रोपवाटिकेची किंवा प्रयोगशाळेतील नोंदींची जबाबदारी त्याच्याकडे सोपविल्यास तेच काम अर्थपूर्ण होते.

निष्कर्ष

आत्मविश्वास ही अभ्यासाची पूर्वअट नसून बऱ्याच अंशी त्याची निष्पत्ती आहे. म्हणून शिक्षकांनी मोठे काम पेलण्याजोग्या टप्प्यांत विभागावे, विषयनिवडीस वाव द्यावा, उणिवा स्पष्ट पण आपुलकीने दाखवाव्यात आणि मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांचे अनुभव वर्गात ऐकवावेत. विद्यार्थ्यानेही विश्वास येण्याची वाट न पाहता आज जमेल तेवढ्या भागापासून आरंभ करावा. पहिल्या अपयशानंतर विद्यार्थी महाविद्यालयात टिकतो की नाही, हे पुष्कळदा अशा छोट्या, पण स्वतः मिळवलेल्या यशावर अवलंबून असते.