नकाशा संगणकावर, पारख कारागिराची

फर्निचर, ग्रील वा साचे बनविणाऱ्या आपल्या कारागिरांकडे गिऱ्हाईक आता ‘ऑटोकॅड’चा नकाशा घेऊन येते. १९८२ साली आलेल्या या प्रणालीने ड्रॉइंग बोर्ड मागे टाकला. नकाशा वाचता आला नाही, तर काम दुसऱ्याकडे जाते.

मुलाला शिकवायचे असेल, तर आयटीआयचा ड्राफ्ट्समन अभ्यासक्रम दहावीनंतर दोन वर्षांचा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्येही कॅडचे प्रशिक्षण मिळते. सरावाला ‘फ्रीकॅड’, ‘लिब्रेकॅड’ विनामूल्य आहेत. चोरीची प्रत मात्र दुकानात नको. जाणूनबुजून वापरल्यास कॉपीराइट कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

काम सुरू करताना आधी माप ठरवा, मिलिमीटर की इंच. एका इंचाचे २५.४ मिलिमीटर होतात. इथे चूक झाली की अख्खा पत्रा वाया. वस्तू खऱ्या मापातच काढावी, लहान-मोठे प्रमाण छपाईच्या वेळी ठरवावे.

आखातात नोकरीला जाणाऱ्यांनी एजंटाला पैसे देण्यापूर्वी त्याची नोंदणी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’वर तपासावी. करारात हुद्दा ड्राफ्ट्समनचाच आहे ना, हे वाचूनच सही करावी. संगणक रेघ मारतो; लाकूड नि लोखंड जाणणारा हात आपलाच आहे.