झाडू कोणाच्या हाती?

जपानी कारखान्यांची 'फाईव्ह एस' पद्धत सांगते, नको ते काढा, हवे ते जागेवर ठेवा, स्वच्छता करा, तिचा नियम बांधा, शिस्त पाळा. अंबरनाथच्या छाया रुग्णालयात ती यावी, असे आम्हांला वाटते. केसपेपर वेळेत सापडला, तर गरिबाची रोजी बुडत नाही. तातडीचे उपचार हा तर कलम २१ खालचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच ठरवले.

पण या पद्धतीत आपली जागा आपणच झाडायची असते. इथे झाडू जातीने वाटला. जात श्रमिकांचीच विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. म्हणून साहेबांनीही आपले टेबल पुसावे आणि कंत्राटी सफाई कामगाराला हातमोजे, किमान वेतन व बैठकीत खुर्ची मिळावी. नाहीतर फलक जपानी, कारभार मनूचा!