प्रिंटर छापत नाही म्हणजे नेमकं काय?

मला विषय दिला होता 'छंद म्हणून विज्ञान', आणि मी बोलणार आहे प्रिंटरवर. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं हे का सांगावं, ते पुढे कळेल.

बुलढाण्यात आमच्या घराच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आहे आणि तापमानाचा एक सेन्सर. सेन्सरची तार खाली एका जुन्या संगणकात येते. पेंटियम फोर, ५१२ एमबी मेमरी, त्यावर लिनक्स. हा ठेवण्याचं कारण म्हणजे त्याच्या पाठीमागचा सीरियल पोर्ट, जो आताच्या लॅपटॉपला नसतो. दर महिन्याला पावसाचा आणि तापमानाचा आलेख छापून मी फाइलला लावतो. एकदा डिस्क गेली आणि दोन वर्षांच्या नोंदी तिच्याबरोबर गेल्या, तेव्हापासून कागदावर विश्वास ठेवतो.

अशा नोंदींचा काय उपयोग? २०२० च्या जूनमध्ये आपल्या लोणारचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि तो रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचं सांगितलं. क्षार वाढले, कारण पाणी आटलं होतं. मग प्रश्न येतो, पाऊस किती झाला होता, ऊन किती होतं? असं कुणी विचारलं तर आपल्याजवळ निदान आपल्या गच्चीचं उत्तर असावं, एवढीच माझी इच्छा.

तर जुलैतली एक संध्याकाळ. वीज गेली, आली. संगणक यूपीएसवर, त्याला काही झालं नाही. प्रिंटर यूपीएसवर नाही. लेझर प्रिंटर आतला रूळ तापवताना एकदम इतका करंट ओढतो की घरगुती यूपीएसला तो झेपत नाही. वीज आल्यावर प्रिंटरचा हिरवा दिवा लागला. मी आलेख पाठवला. कागद आला नाही. पुन्हा पाठवला. नाही. माणूस अशा वेळी बटण किती वेळा दाबतो, हा मानसशास्त्राचा विषय आहे.

केबल बदलली, दुसऱ्या पोर्टला लावून पाहिली. मग माझा एक जुना विद्यार्थी, संगणक दुरुस्ती करतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, फेका न जी तो आता. नाहीतर सगळं पुसून नव्यानं टाकून देतो." पुसून! त्या महिन्याच्या नोंदी फक्त तिथंच होत्या. म्हणून पहिली गोष्ट सांगतो, दुरुस्तीला हात घालण्याआधी नोंदी पेनड्राइव्हवर घ्या. आणि जुनं मशीन पुसताना दहादा विचार करा. डेबियननं २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून ३२-बिट मशीनवर नव्यानं बसवण्याची सोय काढून टाकली आहे. पुसलेलं परत बसेलच असं नाही.

आता न्यायशास्त्राकडे येतो. 'पर्वतावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे' हे तुम्हाला माहीत आहे. उलट म्हणता येत नाही, की अग्नी आहे म्हणून धूर असणारच. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. हिरवा दिवा आहे म्हणून प्रिंटर तयार आहे, असं मी धरून चाललो होतो. इथलं ओलं सरपण कोणतं? फर्मवेअर. काही लहान लेझर प्रिंटर स्वतःचा चालक प्रोग्राम कायमचा साठवून ठेवत नाहीत. एचपीचा लेझरजेट १०२० हा त्यातला आपल्याकडच्या ऑफिसांत सर्रास दिसणारा नमुना. वीज आली की दर वेळी संगणकानं तो प्रोग्राम त्याला नव्यानं पाठवायचा असतो. लिनक्समध्ये हे आपोआप व्हावं अशी सूचना लिहिलेली असते. मी आदल्याच आठवड्यात मशीन अद्ययावत केलं होतं, त्यात ती सूचना गेली. आठवडाभर वीज गेली नाही, हे आमच्याकडे नवलच, म्हणून कळलं नाही.

हे कळल्यावर फर्मवेअरची फाइल मी हातानं पाठवली. तरी कागद नाही! म्हणून निष्कर्ष काढला की दोष फर्मवेअरचा नाही, आणि रागानं प्रिंटर बंद करून झोपलो. दुसऱ्या दिवशी तोच विद्यार्थी फोनवर म्हणाला, रांग पाहा. पाहिली तर ती थांबलेली. चालू केली, क्षणभर 'छापत आहे' असं दिसलं आणि पुन्हा थांबली. म्हणजे दोष रांगेचाही नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते. शेतकरी मंडळींना हे लगेच पटेल. विहिरीवरच्या मोटरचा फ्यूज उडालाय आणि फूटव्हॉल्व्हही गळतोय. फ्यूज टाकला, पाणी नाही. मग फ्यूज चांगलाच होता म्हणायचं का? कारण काढून घ्या आणि कार्य थांबतं का पाहा, ही आपली व्यतिरेकाची रीत. एकच अडथळा असेल तेव्हा ती चोख चालते. दोन असले तर प्रत्येक प्रयोग 'मी नव्हे' असंच सांगतो. त्यातून मी रात्री प्रिंटर बंद केल्यानं फर्मवेअर पुन्हा उडालं होतं, म्हणजे एक अडथळा काढून मीच परत ठेवला होता.

मग शेवटच्या कागदाकडे बघत बसण्याऐवजी प्रत्येक दुव्याची वेगळी साक्ष घ्यायची. लिनक्समध्ये छपाईचं काम 'कप्स' नावाची व्यवस्था पाहते. ती १९९९ पासून आहे, आणि मॅकमध्येही तीच आहे. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ६३१ असं टाकलं की तिचं पान उघडतं. संगणकाला प्रिंटर दिसतो का, हे एलएसयूएसबी ही आज्ञा सांगते; दिसत नसेल तर केबल, पोर्ट, वीज. दिसत असेल तर एलपीस्टॅट, पुढे डॅश टी. रांग चालू की थांबलेली, ते तिथं कळतं. काम एकदा फसलं की कप्सच्या अनेक जुन्या मांडण्यांत रांग थांबवली जाते आणि मूळ दोष गेला तरी ती थांबलेलीच राहते. कारण गेलं, कार्य उरलं! कप्सएनेबल आणि प्रिंटरचं नाव, एवढ्यानं ती सुटते. तरी अडलं तर कप्सच्या एररलॉगच्या शेवटच्या वीस ओळी वाचा. इंग्रजी रुक्ष असतं, पण खोटं नसतं. (आणि कागद ए-फोर निवडलाय ना, तेही पाहा. जुन्या मांडणीत 'लेटर' असतो आणि प्रिंटर तो कागद मागत बसतो.)

एक गंमत सांगतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना नव्या लेझर प्रिंटरचा मूळ प्रोग्राम मिळाला नाही. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सर्वांना निरोप जाईल, अशी सोय त्यांनी स्वतः केली होती. नव्यात ती करता येईना. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे ही चीडही होती. आपण ज्याला लिनक्स म्हणतो त्याचा मोठा भाग तिथून आला.

तर तिसऱ्या दिवशी आधी फर्मवेअर पाठवलं आणि, प्रिंटर बंद न करता, लगेच रांग सुरू केली. आतला रूळ फिरल्याचा आवाज आला. जुलैचा आलेख बाहेर आला. मग त्याच्यामागून आणखी दहा आले, बटण जितक्या वेळा दाबलं होतं तितके सगळे रांगेत जपून ठेवलेले. एक फाइलला लावला. बाकीच्यांच्या कोऱ्या बाजूवर आजच्या या व्याख्यानाची टिपणं आहेत.