विश्लेषण : चिमुकल्यांसाठी ‘शांत’ कार्टून म्हणजे नेमके काय?

साखर कारखान्याच्या पट्ट्यातील ऊसतोड मजुराची कोपी असो वा नगर शहरातील सावेडीचा फ्लॅट, दोन-तीन वर्षांच्या मुलाला घास भरवताना समोर मोबाइल धरण्याचे दृश्य आता सारखेच दिसते. ‘मोबाइल दिल्याशिवाय जेवतच नाही’ ही तक्रारही सारखीच. मुलाला पडद्यापासून पूर्ण दूर ठेवणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी प्रश्न उरतो तो काय दाखवायचे आणि कसे, हा. संथ, सौम्य अॅनिमेशनपटांची चर्चा इथूनच सुरू होते.

डॉक्टर काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. एक वर्षाखालील मुलांना पडदा अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही तो टाळावा. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि त्याहून कमी असेल तर उत्तम, असे त्यात म्हटले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही जवळपास असाच आहे. म्हणजे कार्टून कितीही सौम्य असले तरी सव्वा वर्षाच्या बाळासाठी ते नाही.

वेगवान कार्टूनने काय होते?

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांवर एक प्रयोग झाला. एका गटाने नऊ मिनिटे वेगवान कार्टून पाहिले. त्यात सरासरी दर ११ सेकंदांनी संपूर्ण दृश्य बदलत होते. दुसऱ्या गटाच्या कार्टूनमध्ये दृश्य ३४ सेकंद टिकत होते. तिसरा गट चित्रे काढत बसला. नंतर लक्ष देणे, लक्षात ठेवणे, स्वतःला आवरणे याच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा वेगवान कार्टून पाहिलेली मुले मागे पडली. हा परिणाम लगेचचा होता. तो कायम टिकतो, असे या प्रयोगाने सिद्ध केलेले नाही.

मग दोष फक्त वेगाचा का? त्याच संशोधकांच्या २०१५ मधील अभ्यासात वेगळी बाजू पुढे आली. वेगापेक्षा अशक्य घटनांचा भडिमार मुलांना जास्त थकवतो, असे त्यात दिसले. वस्तू अचानक नाहीशी होते, पात्र चिरडून पुन्हा उभे राहते. जग कसे चालते हे नुकतेच कळू लागलेल्या मुलाला प्रत्येक वेळी नव्याने जुळवाजुळव करावी लागते.

सौम्य चित्रपट कसा असतो?

चेक चित्रकार झ्डेनेक मिलर यांच्या चिचुंद्रीसारख्या छोट्या प्राण्याचा पहिला अॅनिमेशनपट १९५७ मधला. या प्राण्याला खिसे असलेली चड्डी हवी असते. आपल्याकडे चटणीपुरते ओळखीचे असलेले जवस त्याला वाटेत भेटते. त्याच्या धाग्यापासून कापड आणि कापडापासून चड्डी, असा प्रवास बेडूक, कोळी, मुंग्या अशा शेजाऱ्यांच्या मदतीने होतो. खलनायक नाही, पाठलाग नाही. एक इच्छा आणि ती पूर्ण होईपर्यंतच्या पायऱ्या, एवढीच गोष्ट. पुढच्या भागांत मिलर यांनी संवाद जवळपास काढून टाकले. त्यामुळे कोणत्याही भाषेतले मूल गोष्ट समजू शकले आणि शेजारी बसलेल्या आजीला बोलायला जागा मिळाली.

मराठी माणसांचे यात काय योगदान?

‘एक अनेक और एकता’ हा फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ मधील हिंदी अॅनिमेशनपट एका पिढीला दूरदर्शनमुळे पाठ आहे. तो केला मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी. अॅनिमेशन भीमसेन यांचे होते. ताई धाकट्या भावाला ‘एक’ आणि ‘अनेक’ समजावते, जाळ्यासकट उडणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट सांगते. सुमारे सात मिनिटांत एकच कल्पना आणि तीही मोठ्या बहिणीच्या तोंडून.

पुण्यात १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘बालचित्रवाणी’ने दूरदर्शनसाठी मराठी शैक्षणिक कार्यक्रम केले. मात्र तिचा भर शाळकरी मुलांवर होता आणि २०१७ मध्ये ती संस्थाही बंद पडली. आज ‘बुकबॉक्स’सारख्या उपक्रमांच्या मराठी चित्रकथा मोबाइलवर मिळतात. तरीही हिंदी-इंग्रजीतील कार्टूनच्या लोंढ्यापुढे मराठी बोलणारे, संथ आणि चांगले अॅनिमेशन थोडेच. अकोले किंवा जामखेडच्या मुलाला घरात जी भाषा ऐकू येते, तीच पडद्यावर ऐकू येईलच असे नाही.

फक्त चांगले कार्टून निवडले की पुरते?

नाही. साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंतची मुले समोरच्या माणसाकडून जेवढे शिकतात, तेवढे पडद्यावरून शिकत नाहीत, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पडद्यावरचे ‘जवस’ हातात आले, ताटात आले, तर ते मुलाचे होते. मूल एकच भाग पुन्हा पुन्हा मागते, त्यालाही अर्थ आहे. १९९९ मधील एका अमेरिकी अभ्यासात तोच भाग पाच दिवस पाहिलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना तो अधिक चांगला समजला होता.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण उभे केले, ते बिया, शिंपले, माती आणि गाण्यांच्या आधाराने. अंगणवाडीची कल्पना तिथूनच आली. आज ‘पोषण ट्रॅकर’च्या कामासाठी स्मार्टफोन अंगणवाडीतही पोहोचला आहे. त्यावर गोष्ट दाखवायची झाली, तरी ती संपल्यावर बिया मोजायला बसणे हाच खरा धडा.

पालकांनी काय तपासावे?

• आवाज बंद करून अर्धा मिनिट पाहा. दृश्ये सतत उडत असतील तर ते तान्ह्यांसाठी नाही.
• गोष्टीला शेवट आहे का? आपोआप पुढचा व्हिडीओ सुरू होण्याची सोय बंद ठेवा.
• पाच-दहा मिनिटांचा एकच भाग लावा. तोच उद्या पुन्हा चालेल.
• जेवताना आणि झोपण्यापूर्वी पडदा नको.
• शेजारी बसा. ‘आता काय होईल?’ एवढे विचारले तरी पुरते.

थळात राबणाऱ्या आईला किंवा दोन पाळ्यांत काम करणाऱ्या बापाला शेवटची गोष्ट सर्वात अवघड. मोबाइल हातात जातो तो बहुतेकदा घरात रिकामा माणूस नसतो म्हणूनच. ही उणीव एकटे कार्टून भरून काढू शकत नाही. पण सात मिनिटांची गोष्ट संपली, पडदा बंद झाला आणि मुलाने ‘जवस कुठे असतं?’ असे विचारले, तर स्वयंपाकघरातला डबा उघडून दाखवायला एक मिनिट पुरते.