हुंकार

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या नातवाला गोष्ट सांगणारी आजी मध्येच थांबते आणि विचारते, ‘‘ऐकतोयस ना रे?’’ अंधारातून ‘हं’ असा आवाज आला, की राजपुत्राचा घोडा पुढे निघतो. तो आला नाही, तर घोडा तेथेच उभा राहतो. या ‘हं’लाच हुंकार म्हणतात. तो दिसतो एवढासा. पण तोंडी कथेचा अर्धा भार त्याच्यावर असतो.

वाचक झोपी गेला तरी छापील पुस्तकाला ते कळत नाही. कथा सांगणाऱ्याला मात्र श्रोत्याची चुळबुळ, जांभई, रोखलेला श्वास हे सारे समजत असते आणि त्याप्रमाणे तो कथेची गती बदलतो. म्हणूनच अनेक लोकपरंपरांनी हुंकार श्रोत्यांच्या मर्जीवर सोडला नाही. राजस्थानात ‘बात’ म्हणजे लोककथा सांगणाऱ्यासमोर हुंकारा देणारा एक जण बसतो.

छत्तीसगडच्या पंडवानीत ही भूमिका अधिकच रंगते. पंडवानी म्हणजे पांडवांची कथा. मुख्य गायिकेच्या हातातील तंबुरा कधी भीमाची गदा होतो, तर कधी अर्जुनाचे धनुष्य. तिच्या साथीला ‘रागी’ असतो. तो गाण्याची ओळ उचलून धरतो, होकार भरतो, चकित होतो आणि श्रोत्यांच्या मनात नेमकी जी शंका आली असेल ती मोठ्याने विचारतो. महाभारताची कथा त्याने असंख्य वेळा ऐकलेली असते. तरीही दर वेळी तो प्रथमच ऐकत असल्यासारखा प्रश्न करतो. याला कोणी नाटक म्हणेल. पण घरातील वृद्धाने दहाव्यांदा सांगितलेल्या हकिकतीला ‘‘मग हो?’’ असे विचारणारी सूनही हेच करीत असते, आणि तिला कोणी ढोंगी म्हणत नाही.

पंडवानीच्या विख्यात गायिका तीजनबाई यांचा जन्म 1956 मध्ये दुर्ग जिल्ह्यातील गनियारी गावी झाला. त्यांना शाळेचे शिक्षण मिळाले नाही. आईचे वडील ब्रिजलाल पारधी महाभारत गात. ते ऐकून ऐकूनच त्यांनी कथा आत्मसात केली. वयाच्या तेराव्या वर्षी त्या प्रथम लोकांसमोर उभ्या राहिल्या. पुढे 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. नीट ऐकणे हीच त्यांची पाठशाळा होती.

महाराष्ट्रातील गोंधळातही नाईकाला मध्येच प्रश्न विचारणारा साथीदार असतो; पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी ‘जी जी’ची झील धरतात. 1960 नंतर व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगावी कथाकथन केले, तेव्हा व्यासपीठावर असा साथीदार नव्हता. तेथे हशा हाच हुंकार. तो ओसरण्यापूर्वी पुढचे वाक्य उच्चारले, तर ते वाया जाते; म्हणून कथाकथन करणाऱ्याला बोलण्याइतकेच थांबणेही साधावे लागते.

संत गाडगे महाराजांनी (1876–1956) मात्र साऱ्या गावालाच साथीदार केले. त्यांच्या कीर्तनात कथेपेक्षा प्रश्न अधिक असत आणि तेही अस्सल वऱ्हाडी बोलीत. कर्ज काढून सण का करता? देवापुढे मुके जनावर का कापता? मुलांना शाळेत का घालत नाही? समोरची माणसे एका सुरात उत्तर देत. सर्वांच्या देखत एकदा उत्तर दिले, की आपण ते ऐकलेच नाही असे म्हणण्याची सोय उरत नसे.

हे प्रश्न काही पोथीतून आलेले नसत. गावात पाऊल ठेवताच महाराज हाती खराटा घेत आणि दिवसभर रस्ते, गटारे साफ करीत. कोणाच्या दारी काय आहे, कोण कशाने गांजले आहे, हे झाडता झाडता त्यांच्या नजरेस पडे. रात्री ज्यांना ते ‘ऐका’ म्हणत, त्यांच्याकडे दिवसभर त्यांचे लक्ष लागलेले असे.